डावीकडे कललेली पिकअप

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोखी रात्र लागते. आमच्याकडे जे घडलं ते रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये सुरू झालं.

संपलं, असं मात्र अजून म्हणवत नाही.

दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, जुनी पिकअप घेतली होती. आधीचा मालक बेकरीवाला होता. गाडी स्वच्छ होती आणि इंजिन ठणठणीत.

पिकअपचं नाक मुळात थोडं खाली असतं. मागे माल भरला की ती सरळ होते. पण या गाडीचं नाक मुद्दाम उचललेलं होतं. पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर, म्हणजे लोखंडी चकत्या, टाकून ती पुढूनमागून सरळ केलेली. दादा तिच्या त्या ताठ उभं राहण्यावरच भाळला होता.

"बायको बघायला गेलास तेव्हासुद्धा एवढा वेळ बघत बसला नव्हतास," असं मी त्याला चिडवायचे.

अडचण एकच होती. गाडी पुढून फार आदळायची. वहिनीचे दिवस भरत आले होते. दवाखाना लांब, रस्ता खड्ड्यांचा, आणि आमच्याकडे दुसरी गाडी नाही. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळे या वेळी घरातला प्रत्येक जण जीव मुठीत धरून होता.

त्यात गाडीचं डावं दार उघडायचंच नाही. वहिनी ड्रायव्हरच्या बाजूने चढून आत सरकायची. तीन जणांची सलग सीट होती, तरी ती खिडकीपाशी कधी बसायची नाही. मध्येच, दादाला चिकटून बसायची.

"नवी नवरी आहेस का अजून?" मी एकदा विचारलं.

ती हसली नाही. "तिकडे बसलं की कोंडल्यासारखं होतं गं," म्हणाली.

त्या रविवारी दादा आणि मी गाडी मामाकडे नेली. त्याने पुढची चाकं उघडून बघितली. हादरे झेलणारे दोन्ही शॉकअप तेल गळून कोरडे पडले होते. बॉल जॉइंट खुळखुळत होते. बुशांचं रबर फाटलं होतं.

"भाचेबुवा, तीन रस्ते आहेत," मामा हात पुसत म्हणाला. "कंपनीचे मूळ शॉकअप घाल. गाडी मऊ चालेल, पण नाक खाली येईल. नाहीतर हेच स्पेसर ठेवून वर नवे शॉकअप. नाक वर राहील, पण पोरीची हाडं खिळखिळी होतील. तिसरा रस्ता म्हणजे उंच शॉकअप आणि मऊ स्प्रिंगांचा अख्खा जोड. स्पेसर काढून टाकायचे. नाकही राहील आणि कंबरही राहील."

"तिसरा," दादा म्हणाला. खर्चाचं त्याने विचारलंच नाही.

मामाने जुने स्पेसर काढले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

डावीकडचा स्पेसर उजवीकडच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जाड होता...

"हे असं कुणी करत नाही," मामा म्हणाला. "डावी बाजू एवढी उचलली तर गाडी उजवीकडे कलायला पाहिजे. आणि ही तर सरळ उभी होती."

नवा जोड बसला. दोन्हीकडे अगदी सारखा. मामाने गाडी खाली घेतली.

गाडी हळूहळू डावीकडे कलली.

मामाने टायरची हवा बघितली. सारखी होती. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघितली; कुठेही वाकलेली नव्हती. मग त्याने डावा आणि उजवा जोड उतरवून एकमेकांच्या जागी बसवले. स्प्रिंगेत खोट असेल तर आता गाडी उजवीकडे झुकेल, असा त्याचा हिशोब.

ती डावीकडेच झुकली.

गाडी रिकामी होती. आत कुणीही नव्हतं. मामाने पुन्हा जॅक लावला, तेव्हा डाव्या बाजूला तो नेहमीपेक्षा जड चालला. गाडी जराशी उचलली गेली आणि आतून आवाज आला...

सीट करकरली. कुणीतरी तोल सावरून नीट बसावं, तशी.

मी काचेतून आत पाहिलं. खिडकीजवळचं रेक्झिन खोलगट दबलेलं होतं. जुनी सीट आहे, दबणारच, असं मी मनाला सांगितलं. पण दुसऱ्यांदा आत बघितलं नाही.

"नव्या स्प्रिंगा आहेत, चालवल्यावर बसतील," मामा शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीचा रुबाब नव्हता.

आता मामाची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गाडी ज्या कामासाठी येते त्याखेरीज एखादं छोटं काम तो न सांगता करून देतो. कधी वायपर बदलेल, कधी आरसा घट्ट करेल. गिऱ्हाईक घरी गेल्यावर खूश झालं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

त्या दिवशी त्याने डावं दार दुरुस्त केलं.

गाडीच्या डाव्या अंगाला गाड्या उचलायच्या लिफ्टचा खांब होता. दार उघडायला जागा नव्हती. म्हणून त्याने आतून पत्रा काढून काम केलं आणि कडी नुसती वाजवून बघितली.

"दार बिघडलेलं नव्हतंच," तो मला हळूच म्हणाला. "कुणीतरी आतली सळई काढून ठेवली होती आणि वर आडवा बोल्ट मारला होता. कशाला कुणास ठाऊक. दादाला सांगू नकोस, घरी गेल्यावर बघू दे."

वहिनीला दार दाखवायला मामाही निघाला. आम्ही तिघं दादाच्या बाजूने चढलो. दादा गाडी चालवत होता, मी मध्ये आणि खिडकीपाशी मामा. अर्ध्या वाटेत मामा माझ्याकडे सरकला. आणखी सरकला. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो समोर रस्त्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

घरापाशी आम्ही उजवीकडून उतरलो. वहिनी फाटकाजवळ वाट बघत उभी होती. गाडी अजून कललेली होती.

"ते डावं दार उघड बघू," मामा तिला म्हणाला. "तुझ्यासाठी केलंय."

वहिनीने कडी ओढली. दार अलगद उघडलं.

आणि ती बाजूला झाली.

एक पाऊल मागे, दार हाताने धरून. कुणी उतरणाऱ्याला आपण वाट करून देतो ना, अगदी तशी.

दाराखालची पायरी जराशी दबली... आणि वर आली.

मग डावी बाजू उचलली गेली. हळूहळू, एका लयीत. गाडी ओळंब्यात सरळ उभी राहिली.

"बसली स्प्रिंग," मामा म्हणाला. दादा तर बॉनेट थोपटत होता. वहिनी मात्र दार धरून तशीच उभी होती.

"बाजूला का झालीस?" मी विचारलं.

"कळलं नाही," ती म्हणाली. "व्हावंसं वाटलं."

तिच्या मागे फाटकाची बिजागरी कुरकुरली. वारा नव्हता...

मला राहवेना. मी दादाकडून बेकरीवाल्याचा नंबर घेऊन फोन लावला.

"डावीकडचा स्पेसर जाड का होता हो?" मी विचारलं.

"काढलात?" ते म्हणाले. "मग गाडी कलली असेल."

"कलली होती. आता सरळ झालीये."



"दार उघडलंत," ते म्हणाले. विचारलं नाही त्यांनी. नुसतं म्हणाले.

"हो. का?"

"कुठे उघडलंत?"

"घरासमोर."

त्यांनी सांगितलं ते असं. एकदा पहाटे धुक्यात पाव पोचवायला जाताना वाटेत कुणीतरी हात केला. त्यांनी गाडी थांबवली, वाकून डावं दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. दार लावलं आणि गाडी डावीकडे कलली. ती पुन्हा कधी सरळ झालीच नाही.

"कललेली गाडी बघून घरचे विचारायचे, बाजूला कोण बसलंय. म्हणून जाड स्पेसर टाकला. दारही मीच बंद केलं."

"उतरवून द्यायचं ना कुठेतरी."

"कुठे? माळावर दार उघडून बघितलं, उतरलं नाही. ज्याच्या दारात उतरेल, त्याच्याकडेच राहील ना ते. माझ्या घरात लहान लेकरं आहेत, ताई."

"आमच्याही घरात येणार आहे," मी म्हणाले. 

फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

मी हे फक्त मामाला सांगितलं. वहिनीला त्या अवस्थेत काय सांगणार? तिला दवाखान्यात नेलं ते त्याच गाडीतून. एकही हादरा बसला नाही. बाळ सुखरूप झालं, बाळंतीणही सुखरूप. आम्ही सगळे रडलो. मला वाटलं, बेकरीवाल्याच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, बाकी काही नाही.

मामाने बाळासाठी स्प्रिंगचा पाळणा आणला. स्प्रिंग स्वतः पारखून आणली आणि स्वतःच छताच्या आकड्याला टांगली.

एका दुपारी तो बाळाला बघायला आला. मी चहा टाकत होते. पाळणा जमिनीला टेकायच्या बेतात खाली आला होता.

"पोर चांगलं भरलंय की," मामा म्हणाला आणि कौतुकाने पुढे झाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनी आली.

बाळ तिच्या खांद्यावर होतं. गाढ झोपलेलं.

मामा तिथेच थांबला. ताणलेल्या स्प्रिंगेकडे बघत राहिला. पाळणा मंद हलत होता... आणि करकरत होता.

पाळणा त्याच दिवशी काढला. आता बाळ मोठ्या पलंगावर, वहिनीच्या कुशीत झोपतं. त्याच्या पलीकडे गादी दबलेली असते. वहिनीला वाटतं, गादी जुनी झाली. मी तिचं बोलणं खोडून काढत नाही. मला भीती वाटते, आणि ती कुणाजवळ बोलायची हे कळत नाही.

पिकअप घरासमोर उभी असते. दादा कामावरून आला की मी डावं दार उघडून ठेवते. शेजारच्या काकू रोज आठवण करून देतात, "अगं, दार उघडं राहिलंय." मी हो म्हणते आणि तसंच ठेवते. यावं त्याने, बसावं आपल्या जागी. गाडी कलावी, एवढीच माझी इच्छा आहे.

सकाळी उठले की चूळ भरायच्याही आधी मी खिडकीतून गाडी बघते.

आजही बघितली.

सरळ उभी आहे.