दगडावरची दुसरी

कंदील जरा जवळ ओढा, बाई, तुमचा चेहरा दिसू दे. मी हाजराबी, नंदुरबारच्या पिंजाऱ्याची लेक. काम साधंच होतं. कालीबाईचं चांदीचं कडं तोरणमाळला तिच्या आईला नेऊन द्यायचं. लढाईत आम्ही दोघी ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर लष्करी इस्पितळात आया होतो. तिथे बॉम्ब पडला, कालीबाई गेली. तेव्हापासून मला रडू येत नाही. चहा प्यायला तर गरम कळत नाही, गोडही कळत नाही. धक्का बसला असेल.

एवढा घाट चढले, पण दम लागला नाही. कालीबाईच्या आईनं, भुरीबाईनं, कडं हातात घेतलं, हुंगलं आणि मग एकदम हंबरडाच फोडला.

"मन्ही पोरना दगड बसाडतस नही वं, माय. पंच म्हंतस, ती शिपाई नव्हती."

कालीबाईच्या लोकांत लढाईत पडलेल्याचा दगड बसवतात. त्यावर घोडेस्वार कोरतात, त्याला मोहाची दारू पाजतात. दगड नसला तर जीव तहानलेला रानोमाळ हिंडत राहतो म्हणे. कालीबाईच्या नशिबी तेच येणार होतं. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. तरी मी भुरीबाईबरोबर पंचांपुढे जाऊन उभी राहिले.

"सगळा पळनात," मी म्हटलं. "आम्ही नही पळनूत. जखमी शिपाईनी डोली उचलेल व्हती... मंग आवाज व्हयना..."

पुढचं मला आठवेना. छगन पंचानं माझ्याकडे पाहिलंच नाही. परक्या बाईकडे बघत नसेल, म्हटलं. भुरीबाईनं माझंच बोलणं त्याला पुन्हा सांगितलं. मग तो तिला म्हणाला, "बसाड दगड."

गावच्या पाथरवटानं, जामसिंगनं, दगड घडवला. बसवायच्या दिवशी भर दुपार होती. ऊन रखरखत होतं, पान हलत नव्हतं. आणि त्या रानात इस्पितळातल्या औषधाचा वास येत होता. जामसिंगनं दगडावरचं फडकं काढलं.

घोडा नव्हता. डोली होती, आणि ती उचलणाऱ्या दोन बाया. पुढचीच्या हातात कडं. मागचीच्या डोक्यावर ओढणी, डावी भुवई मधोमध तुटलेली.

हात लावून बघा... अशीच माझी भुवई.

"दुसरी कोन शे?" मी हळूच विचारलं. जामसिंगनं वर पाहिलं नाही. तो भुरीबाईशीच बोलला.

"मी एकली कालीबाईच कोरी ऱ्हायंतू, मावशी. पन डोलीले दोन जनी लागतस... हात थांबनाच नही."

त्यानं दारूची धार आधी कालीबाईच्या तोंडाला लावली. मग दुसरीच्या.

मी जन्मात दारूला शिवले नाही. पण माझा घसा जळत गेला. जिभेवर मोहाची कडवट गोडी आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव कळली.

भुरीबाई माझ्याकडे वळली. माझ्या गालाशी हात आणला, पण लावला नाही.

"भागनी का तुन्ही तहान, माय?"