लाल फितीची शेरणी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तनुजा घळीत उतरली, तर एक अनोळखी तरुण तिचं शेरणीचं झुडूप मुळासकट हातात धरून उभा. शेजारी कातळावर आणखी सहा झुडपं नीट रचून ठेवलेली.

"हे काय केलंत?"

"साफसफाई, मॅडम," तो उत्साहानं म्हणाला. "सगळा रिजेक्ट माल काढलो. बारा राहिलीत, तीबी काढतो."

ही नदीची घळ राखीव. थेरगावची तनुजा वनखात्याच्या परवानगीनं तिथल्या शेरणीवर प्रबंध लिहीत होती. कातळाच्या भेगेत रुजणारी, पुरात आडवी होऊन पुन्हा उठणारी ही झुडपं उरली होती एकोणीस. कुणी हात लावू नये म्हणून तिनं प्रत्येकाला लाल फीत बांधलेली. आणि हा सुजित मूळचा लातूरचा, महाळुंग्याच्या कारखान्यात क्वालिटी तपासणारा. कंपनीनं त्याला श्रमदानात घाणेरीचं माजलेलं रान काढायला पाठवलेलं, आणि त्याच्या कंपनीत लाल खूण म्हणजे बाद माल!

खरं कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"परत लावता येतील...?"

"पावसाच्या आत मुळं धरली तर. नाहीतर पहिलाच पूर घेऊन जाईल. माझी दोन वर्षं त्याच्याबरोबर."

"मी लावतो. कसं ते तुम्ही सांगा."

तेव्हापासून तो दर रविवारी, कधीकधी थर्ड शिफ्ट करून तसाच, यायला लागला. भेगेत गाळ भरायचा, बारीक दगडांची पाचर मारायची. कामापलीकडे बोलायचं नाही असं तनुजानं ठरवलं होतं. निश्चय मोठा होता, टिकला मात्र तिसऱ्या रविवारपर्यंत.

"ही भोकं कोणत्या मशीनची हो?" कातळातल्या गोल खोल रांजणखळग्यांत वाकून त्यानं विचारलं.

"नदीची. गोटे गरगर फिरवून पाडलीत. हजारो वर्षं लागली."

"आमच्याकडं एवढा वेळ लावला तर सुपरवायझर मेमो देतो."

तनुजा हसली आणि मग स्वतःवरच चिडली.

एप्रिलमध्ये परीक्षेमुळे तिचे दोन रविवार चुकले. परत आली, तर सुजित खाली मान घालून उभा.

"दोन वाळली."

"दुसऱ्या झुडपांच्या फांद्या तिथं लावून टाकायच्या होत्या. मला कळलंही नसतं."

"तुमच्या मोजमापात खोटं शिरलं असतं की."

त्या दिवशी तो तिला मनापासून आवडला, आणि तिनं ते स्वतःशी कबूलही केलं.

मेअखेर उरलेल्या पाचांना कोवळी पालवी फुटली. पाचर काढून हलवून पाहिलं, मुळं घट्ट होती. काम संपलं. तनुजाला आनंद व्हायला हवा होता. पण पुढच्या रविवारी हा दिसणार नाही, या विचारानं तिला रडूच यायला लागलं.

"आता तुम्हाला इथं काही काम नाही," ती म्हणाली.

"काम नाही म्हणूनच यावं म्हणतो..." सुजित पाण्याकडे बघत बोलला. "तुमच्यासाठी. इतके दिवस झुडपांचं नाव पुढं केलो."

"इथं नको — थेरगावला घरी या. रविवारी बाबा असतात."

"त्यांना काय सांगू?"

"काय सांगाल?"

"तुमच्या लेकीची सात झाडं उपटलो, पाच जगवलो. आता तिलाच मागायला आलो."

तनुजानं डोळे पुसले.

"दोन मेली तेही सांग," ती म्हणाली. "लपवाछपवी करणारा जावई बाबांना चालायचा नाही."