जीव घाबरणं म्हणजे काय?

एकाच माणसाबद्दल यंत्राला दोनदा विचारलं. मधे गेली फक्त सहा मिनिटं. माणूस तोच, त्रासही तोच. तरी पहिल्यांदा यंत्र म्हणालं, काळजीचं कारण नाही. आणि दुसऱ्यांदा म्हणालं, एक मिनिटही दवडू नका. असं का झालं असेल?

ही गोष्ट २०४३ सालच्या जानेवारीतली. धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगरउतारावर वाघजाईवाडी नावाची बारा-तेरा घरांची वस्ती होती. तिथून आरोग्यकेंद्रात लाँचनेच जावं लागे आणि रुग्णांसाठीची लाँच अकरा वाड्यांत मिळून एकच. म्हणून केंद्राने घरोघरच्या फोनवर ‘विचारपूस’ नावाची यंत्रणा दिली होती. आजारी माणसाने त्रास सांगायचा; ‘विचारपूस’ प्रश्न विचारणार आणि रंग दाखवणार. हिरवा म्हणजे घरीच आराम, पिवळा म्हणजे उद्यापर्यंत दाखवा, लाल म्हणजे लाँच निघालीच. याला म्हणतात निकडनिवड (आजाराचं नाव शोधणं नव्हे, तर कोणाला किती घाई आहे ते ओळखणं).

त्या सकाळी घरी दोघीच होत्या : अकरा वर्षांची तेजल झोरे आणि तिची वंदनाआत्या. आत्या गोठा झाडून आली आणि उंबऱ्यावरच बसली.

“तेजू, जीव घाबराय लागलाय गं माझा.”

तेजलने फोन तिच्यापुढे धरला. आत्याने तेच पुन्हा सांगितलं.

“तुम्हाला भीती वाटते आहे, असं दिसतं,” यंत्र मृदू आवाजात म्हणालं. “शांत बसा. दीर्घ श्वास घ्या.” पडद्यावर हिरवा रंग आला.

“बघ, काय नाय,” आत्या म्हणाली. “पाणी दे जरा.”

पाणी देताना तेजलचा हात आत्याच्या पाठीला लागला. झंपर चिंब ओला! बाहेर एवढी थंडी की शेळ्या अजून एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मग घाम कसला? आणि आत्या सारखा डावा खांदा आणि जबडा का दाबतेय?

तेजलने वाडीच्या आशा-सेविका रंजनाताईंना फोन लावला. त्या लसीकरणासाठी पलीकडच्या वाडीत गेल्या होत्या. फोन लागेना. यंत्र हजारो आजारी माणसांवरून शिकलेलं; आपण सहावीत. उगाच लाँच बोलावली आणि तेवढ्यात दुसऱ्या वाडीत कोणाचं बाळ अडलं तर?

पण भीती? गेल्या वर्षी गोठ्यात शिरलेल्या बिबट्याला आत्याने एकटीने डबा बडवून हाकललं होतं.

“आत्या, भीती वाटतेय का तुला?”

“भीती… कशाची… गं?” एवढं बोलतानाही तिला धाप लागली.

म्हणजे यंत्राला शब्दच कळला नव्हता! तेजलने पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने आत्याचे शब्द सांगितले नाहीत. डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं. बाई बावन्न वर्षांची. थंडीत घाम फुटलाय. डावा खांदा आणि जबडा दुखतोय.

“एका दमात वाक्य पूर्ण बोलता येतं का?” यंत्राने विचारलं.

“नाही!”

पडदा लाल झाला. “लाँच निघाली आहे. त्यांना चालवू नका. टेकून बसवा.”

लाँच यायला सव्वीस मिनिटं लागली. आत्याचा हात गार पडत होता आणि तेजल तो नुसता चोळत होती. आपण चुकलो असू तर, असं तिला वाटे. आणि चुकलो नसू तर, या विचाराने अधिकच धडकी भरे.

लाँचवरच्या परिचारिकेने तारा लावून हृदयालेख (हृदयातल्या सूक्ष्म विजेची नोंद) काढला. हृदयविकाराचा झटका होता.

आत्या वाचली. तीन आठवड्यांनी आरोग्यकेंद्राच्या डॉक्टर फरहीन मुलाणी वाडीवर आल्या, तेव्हा ती अंगणात उन्हात बसली होती.

“मॅडम, यंत्र खोटं का बोललं?” तेजलने विचारलं.

“खोटं नाही बोललं. त्याला शिकवण-साठा (ज्या उदाहरणांवरून यंत्र शिकतं ती) मिळाला, तो शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या मजकुराचा. त्यात ‘घाबरणं’ म्हणजे बहुतेक वेळा भीतीच. तुमच्याकडे जीव घाबरतो तो श्वास कोंडल्यावर, छातीत धडधडल्यावर. ते यंत्राने कधी ऐकलंच नव्हतं. तरी ते ठामपणे बोललं, ही खरी चूक. आणि ती आमची.”

“मग आता?”

“यंत्राकडून दोन चुका होतात. उगाच लाल दाखवलं, तर एक फेरी फुकट जाते. उगाच हिरवं दाखवलं, तर माणूस जातो. दोन्ही सारख्या नाहीत. म्हणून शंका आली की त्याने हिरवं दाखवायचं नाही, माणसाला जोडून द्यायचं. आणि तुमचे शब्द आम्हाला हवेत.”

तेजल आणि रंजनाताई वही घेऊन घरोघरी फिरल्या. पोटात कालवतंय, अंग मोडून आलंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात… वही भरत गेली, तरी तेजलची धास्ती जाईना. वहीत नसलेला शब्द कोणी बोललं तर?

मार्चमध्ये शेजारचे धाकलूबाबा फोनपुढे बसले आणि म्हणाले, “आत नुसतं हुबलाक हुबलाक होतंय.”

हा शब्द वहीत नव्हता; आता कुठला रंग येतो ते तेजल बघू लागली.

“हे मला कळलं नाही,” यंत्र म्हणालं. “मी डॉक्टरांना जोडून देतो.”

तेजलला हायसं वाटलं.