जाड तारेवरचा अंगठा

ही गोष्ट खोटी असती, तर मामाने त्यात स्वतःला जरा तरी बरं दाखवलं असतं.

तसं त्याने केलेलं नाही. म्हणून मी ती खरी मानतो.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. रविवारची भर दुपार होती आणि मामा त्याच्या मागच्या खोलीत नवी बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होता. नवी म्हणजे त्याला नवी. ती ज्यांची होती ते वारले होते. नावाजलेले बेसवादक, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून, मामाने ती विकत घेतली होती.

सहा तारांची. मामा आजवर चारच तारांवर वाजवत आलेला.

मामा चष्म्याच्या काचा घासायच्या कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये बेस वाजवायचा. हौस दांडगी, हात जेमतेम. बँडचा प्रमुख कीबोर्ड वाजवायचा, त्याला सगळे हेडमास्तर म्हणत. त्याने मामाला तोंडावर सांगितलं होतं, "रेकॉर्डिंगला पुन्हा घाण झाली तर दुसरा माणूस बघेन हं. वाईट वाटून घेऊ नकोस."

मामाने वाईट वाटून घेतलंच. आणि सगळा दोष जुन्या गिटारीवर ढकलून ही नवी आणली.

पण ही बया काही दाद देईना. तिची मान फळीसारखी रुंद, बोटं पुरेनात. खांदा भरून यायचा. सगळ्यात वर एक जाड तार जास्तीची, त्यामुळे सवयीने हात टाकला की भलताच सूर. त्या तारेचा आवाज कानाला कमी आणि पोटात जास्त कळायचा. खिडकीची काच थरथरायची. त्यात एक तार छेडली की बाकीच्या आपसूक गुणगुणायच्या. त्यांना हाताने दाबून गप्प ठेवावं लागतं. जाड तारेवर तर अंगठा सतत टेकलेला हवा. मामाला ते जमेना. नुसता गोंगाट.

आणि मग अचानक... गोंगाट थांबला.

छेडलेली तार तेवढी वाजत होती. बाकीच्या गप्प.

मामाने खाली पाहिलं.

त्याचा अंगठा हवेत होता.

आणि जाड तार... एका जागी किंचित दबलेली होती.

त्याने तिथे बोट लावलं. तार कोमट होती.

"पाचावर धारण बसली," मामा मला म्हणाला. "गिटार पलंगावर टाकून पळालो. पण खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. थोड्या वेळाने मी परत आत गेलो. का? तर वाजत फार छान होतं रे."

रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओतही तेच झालं. एकेक सूर स्वच्छ.

हेडमास्तर खूश. "कुठून आणलास हा हात?"

"सराव," मामा म्हणाला. म्हणताना त्याचे कान तापले.

तेवढ्यात वहिनी आल्या. गिटारचा पट्टा त्यांच्या घरी राहिला होता, तो द्यायला. स्पीकरवर मामाचंच वाजवणं लागलं होतं. त्या दारातच थांबल्या.

"हे ह्यांचं कधीचं?"

"वहिनी, हे आत्ताचं!" हेडमास्तर हसला. "ह्याने वाजवलंय."

वहिनी मामाकडे बघत राहिल्या. "हाच हात होता ह्यांचा," त्या हळूच म्हणाल्या. "ते गेले तेव्हा मी औषध आणायला खाली गेले होते. शेवटचं बोलणं राहूनच गेलं... माझ्यासमोर एकदा वाजवाल?"

मामाने वाजवलं. अंगठा हवेत आहे हे त्यांना दिसू नये म्हणून जरा तिरका बसून. संपलं तसे त्याने दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले. हेडमास्तर पाठमोरा, मशीनमध्ये गुंतलेला.

आणि मग...

जाड तार वाजली.

एकदाच. संथ. लांबत गेलेली.

स्टुडिओची काच थरथरली. वहिनींचा हात तोंडावर गेला.

"वाजवून झालं की ते असंच करायचे," त्या म्हणाल्या. "मला आत कळायचं, आता हाक मारतील." त्यांचा आवाज फाटला. "खरं सांगा. हे... तुम्ही वाजवलंत?"

हेडमास्तरने वळून पाहिलं.

एक शब्द पुरला असता. नाही.

मामा म्हणाला, "हो. सवय आहे माझी."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. डोळे पुसले. पट्टा खुर्चीवर ठेवला. "छान सवय आहे." आणि गेल्या.

त्या दिवसापासून ती जाड तार मुकी आहे. छेडा, ओढा, काहीही करा. नवी तार लावून पाहिली, तीही मुकी. दुरुस्तीवाल्याने सगळी गिटार उघडून पाहिली, म्हणाला, बिघाड काहीच नाही. बाकीच्या पाच मात्र मोकाट गुणगुणतात. त्यांना आता कुणी गप्प करत नाही.

बँडमधली मामाची जागा पक्की झाली. वाजवतो पुन्हा जुन्या चार तारांवरच. मधूनमधून वहिनींचा फोन येतो. "तो शेवटचा सूर एकदा ऐकवा ना." मामा सांगतो, तार तुटलीये.

"अरे, मग देऊन टाक की त्यांना परत," मी म्हणालो.

मामाने मान खाली घातली.

"दिली असती रे," तो म्हणाला. "पण त्यांच्या हातात गेल्यावर ती वाजली, तर?"

आम्ही दोघं मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसलो.