उघड्या पंजाचा करार

गुरुदत्त वकिलांनी करारनामा पुन्हा एकदा वाचला, चष्मा काढून टेबलावर आपटला आणि समोर बसलेल्या तुळसावर खेकसले, "अगं, सही करायच्या आधी एखाद्या शहाण्याला दाखवायचा तरी होता! यात बांधाचं नावसुद्धा नाही!"

"गरजच नव्हती," तुळसा शांतपणे म्हणाली. "शेठनं बांधाला चिखल लावलेला. आख्ख्या गावासमोर."

ठाण्याच्या कोर्टासमोरच्या त्या एवढ्याशा ऑफिसात वकिलांनी नाही नाही त्या भानगडी ऐकल्या होत्या, पण ही ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोलशेतच्या लोकांनी खाडीकाठची पट्टी हरिहरशेठला गोदामासाठी विकली होती. खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध त्याच पट्टीत होता आणि बांधाच्या अलीकडे सगळ्या गावाची भातशेती. गावाची जुनी रीत अशी, की जो बांधाची जमीन घेईल त्यानं उघड्या उजव्या पंजानं बांधावर ओला चिखल थापायचा. चिखल लावला की बांध त्याचा. बांध फुटून खांड पडली तर ती बुजवायची त्यानं, मग घरात लग्न असो की मयत. शेठनं हसत हसत चिखल लावला, गावानं नारळ फोडला आणि कागदावर अंगठे उठवले. कागद काय म्हणतो हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पंजा लागल्यावर कागदाला कोण विचारतो?

पुढे शेठनं बांधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गेल्या साली जेठातल्या उधाणाला खांड पडली. तुळसाचा नवरा काळुराम ती बुजवायला उतरला, तो खाडीनं नेला. "बांध माझा नाही आणि माणूसही माझा नाही," असं म्हणून शेठनं हात वर केले.

"मला नुकसानभरपाई नको," तुळसा म्हणाली. "बांध पायजे. नायतर याही साली खारं पाणी शेतान येल, नी माझी पोरं खातील काय?"

खटला उभा राहिला. पिंजऱ्यात शेठ मोठ्या खुशीत होता. "लावला ना चिखल. गावकऱ्यांचा खेळ! आपण नाही का कुणाच्या मुलाच्या बारशाला पाळणा हलवत? म्हणून काय तो मुलगा आपला होतो?" कोर्टात हशा पिकला. लेखी करार असताना त्याच्या विरुद्ध तोंडी बोलणं ऐकता येत नाही, असा निकाल लागला. कायद्यानं तो बरोबरच होता, आणि वकिलांना चीड आली ती त्याचीच. पायऱ्या उतरताना त्यांनी शेठला गाठलं.

"लाज वाटते का हो? हात लावलाय तुम्ही त्या बांधाला!"

"हात धुतला की चिखल जातो, वकीलसाहेब," शेठ म्हणाला आणि टांग्यात बसला.

नारळी पुनवेच्या उधाणानंतर गावातला म्हातारा धाकू सकाळीच धापा टाकत ऑफिसात आला. "सायेब, बांध बांधलाय कुनीतरी!"

वकील लगोलग कोलशेतला गेले. खांड खरंच बुजली होती. राखाडी चिखलाची नवी भिंत उन्हात ओली चमकत होती, आणि वरपासून खालपर्यंत तिच्यावर पंजे उमटले होते. सगळे उजव्याच हाताचे. खाली चिखलात पाऊल म्हणून एक उमटलेलं नव्हतं. वकिलांनी पुनःपुन्हा पाहिलं, बांधाला वळसा घालून पाहिलं.

"असा घट बांध आमच्या बापानंबी नाय बांधला," धाकू हळूच बोलला.

"अहो, शेठनंच माणसं लावली असणार, चोरून! उघड बांधला तर जबाबदारी कबूल केल्यासारखी होईल ना. लबाड लेकाचा!" वकील म्हणाले. पण माणसं आली कुठून नि गेली कुठून, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा ते तडक नौपाड्यात शेठच्या बंगल्यावर गेले.

शेठ ओसरीवर बादलीपाशी बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. एवढ्या दिवसांत निम्मा झाला होता माणूस. सगळ्या ओसरीला ओहोटीच्या खाडीचा वास येत होता.

"मी घराबाहेर पडलो नाही," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "बायको दाराला कुलूप लावून किल्ली उशाशी घेते. डॉक्टर म्हणतात ताप आहे." त्यानं हात बाहेर काढला. बोटांना नखं उरली नव्हती. "वकीलसाहेब, गावाला सांगा, मला मोकळं करा. तोंडी सांगितलं तरी चालेल."

तोंडी! वकिलांना काळुराम आठवला, कोर्टातला तो हशा आठवला.

"लेखी अर्ज करा," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले. घरी जाईपर्यंत त्यांना फार बरं वाटत होतं.

भादव्यातल्या अवसेला शेठ गेला. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहिलं. त्या उधाणातही बांध हलला नाही.

तिसऱ्या दिवशी तुळसानं वकिलांना बांधावर बोलावलं. भात पोटरीला आलं होतं. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "शेठ तर मेला. आता बांध कोन बगनार?"

वकिलांचा राग अजून निवला नव्हता. "मेला म्हणून सुटला की काय? वचन देणारा मेला तरी वचन मरत नाही, तुळसा! कायदाच आहे तसा. ते वारसांवर येतं!" आणि बोलण्याच्या भरात त्यांनी बांधावर हात आपटला. "जो कुणी वारस असेल, त्यानं बांधावा!"

बांधापलीकडे भरती लागत होती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली आणि नुसतंच "चला" म्हणाली.

बांधाला नवी खांड पडून गेली होती. ती बुजलीही होती.

पंजे या वेळी खालच्या अंगालाच होते. त्यांच्या वर कुणाचा हात पोचलाच नसावा, तशी वरची माती उघडी होती.

वकील गुडघ्यांवर बसले. त्यांनी आपला तळवा एका पंजाशेजारी धरला. तो पंजा त्यांच्या तळव्यात मावला असता.

"धाकूबाबा बंगल्यावर जाऊन आला," तुळसा म्हणाली. "शेठला एकच लेक हाय. दुधाचे दात पडायला लागलेत तिचे. ताप हाय म्हनतात."

"मी... मला ठाऊक नव्हतं गं."

"तुमी बोललाव ना, वारस म्हनून."

"तिला सोडवता येतं. ज्यांना वचन दिलं, त्यांनी सोडलं की संपलं. गावाला गोळा कर, तुळसा. सगळ्यांनी इथं उभं राहून म्हणायचं, सोडलं म्हणून. आत्ता, लगेच!"

"नी पुढल्या अवसेला पानी आला तर?"



तुळसानं मागं वळून पाहिलं. गावातल्या घरांपर्यंत भात पिकून आडवं झालं होतं.

"माझा मानूस गेला तवा तिच्या बापाला दया आली?" ती म्हणाली. तिचा आवाज रागानं कापत होता. मग तो कापायचा थांबला.

"कापनी होऊं द्या. मंग बगू."

"तुळसा, अगं पोर आहे ती!"

तिनं पदर खोचला, खालचा ओला चिखल ओंजळीत घेतला आणि गावातलं कुणी यायच्या आत ती इवली बोटं एकेक करून लिंपायला लागली.

वकिलांनी तिचा हात धरायला म्हणून हात पुढं केला, तो बांधाला टेकला. चिखल तापल्या अंगासारखा कोमट होता.