वडिवळ्याकडून येणारा हॅलो

मी थापाडी हाय, हे अख्ख्या मळवलीला ठावं हाय. माझ्या गोष्टीतला बिबट्या दर वर्साला हातभर वाढतो.

पण ही थाप न्हाई.

मागच्या भादव्यात, हितं मळवलीत, भर दुपारी घडलेलं हाय.

माझा नातू धम्मदीप इंटरनेटचं काम करतो. लोणावळ्यापासून पार वडिवळ्यापर्यंत बंगल्या-बंगल्यात त्याचे डबे. राऊटर म्हनत्यात.

हे डबे शेजाऱ्याला सारखी हाक देत्यात. "हॅलो... मी हाय."

हाक थांबली, की शेजारी समजतो... हा गेला.

हाक चालू हाय तोवर एकमेकाला सांगत बसायचं, कोन कुटं जोडलाय, कोनती वाट कुटं जाते. पारावरच्या बायकांगत.

हे सगळं उभं केलं धम्मदीपनं आणि सत्यमनं मिळून. सत्यम वडिवळ्याचा. शालूबाईचा एकुलता. शेवटचा डबा त्याच्याच घरात.

उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं, आणि सत्यम गेला.

धम्मदीपनं तो डबा भिंतीवरनं काढून शालूबाईच्या हातात दिला. तिनं पेटीत ठेवला. पोराच्या स्वेटरखाली.

पुढं पावसात बारके डबे दमायला लागले. साऱ्या दुनियेच्या वाटा त्यांनी डोक्यात ठेवायच्या, झेपनार कसं? मग धम्मदीपनं हा अख्खा भाग 'स्टब' केला. म्हंजे बाहेरच्या वाटा आत आनायच्याच न्हाईत. जे ठावं न्हाई ते लोणावळ्याच्या मोठ्या डब्याकडं सोपवायचं, तो बघून घेईल.

अट एकच. भागातल्या हरेक डब्याला सांगावं लागतं, बाबा, तू स्टब हायेस. ज्याला सांगितलं न्हाई, त्याची हाक शेजारी घेत न्हाई. ऐकू येते... पन घेत न्हाई.

वाळीत टाकलेल्याचा रामराम घेत नसत, तसं. माझ्या सासऱ्यानं सोसलंय ते.

सगळ्या डब्यांना सांगून झालं.

पेटीतल्याला कोन सांगनार?

त्या दुपारी धम्मदीप मळवलीच्या खोलीत एकटाच. बंगल्यांना लोणावळ्याशी जोडनारा मधला डबा हितलाच. बाहेर धुकं, समोरचं भाताचं खाचर दिसंना. स्क्रीनवर एक ओळ उमटली...

वडिवळ्याकडून हॅलो आला. स्टब जुळत न्हाई. घेतला न्हाई.

नंबर सत्यमच्या डब्याचा.

थोड्या वेळानं परत तीच ओळ...

परत.

धम्मदीपनं गाडी काढली, तडक वडिवळं गाठलं.

"मावशी, डबा कुनाला दिला का?"

"मी कुनाला देईन?" शालूबाईनं पेटी उघडली. स्वेटर बाजूला केला. डब्याला ना वायर, ना वीज.

तिनं हात लावला... आणि तसाच ठेवला.

"दीपा, ह्यो ऊन का लागतोय रं?"

त्यानं खरं ते सांगितलं. हाक येतीय, आणि आपल्याकडनं दार बंद हाय.

"मग उघड की. एकदा तरी उघड."

"मळवलीचा डबा स्टबमधनं काढला, तर त्याचं लोणावळ्याशी तुटल, बंगल्यांशी तुटल. फकस्त सत्यमशी जुळल."

"जुळू दे."

डबा पदराखाली धरून ती गाडीवर मागं बसली.

खोलीत आल्यावर धम्मदीपनं मळवलीचं स्टब काढलं. एकेक करून सगळे शेजारी स्क्रीनवरनं गेले...

सगळं रिकामं.

मग एक शेजारी उगवला. पुरता जुळला. नकाशात दोनच डबे. मळवलीचा, आणि सत्यमचा. साऱ्या दुनियेपासनं तुटून दोघंच.

"थरथरतोय रं," शालूबाई म्हनाली. डबा तिच्या मांडीवर. "काय म्हनतोय?"

धम्मदीपनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "दुसरं काय न्हाई मावशी. मी हाय म्हनतोय... मी हाय."

तेवढ्यात फोन. बंगल्यावरचा राखनदार, कोंडाजी.

"भाऊ, नेट कुटं पळालं? पावनं माझ्या नावानं बोंबलत्यात. एक म्हातारं तर परदेशातल्या लेकीशी बोलता बोलता तुटलं, तवापासनं फोन हातात घेऊन बसलंय."

शालूबाईनं सारं ऐकलं. डब्यावरनं हात फिरवत राहिली, ताप आलेल्या लेकराच्या पाठीवरनं फिरवावा तसा.

"लाव बाबा परत," ती म्हनाली. "त्याची लेक बोलू दे त्याच्याशी."

"मावशी..."

"लाव म्हनते ना."

त्यानं लावलं. बंगले परत आले. लोणावळा आलं.

आणि शालूबाईच्या मांडीवर डबा हळूहळू गार पडला.

ती रडली न्हाई. पदरात तिनं डबा गुंडाळला. "दुसऱ्यांदा बघितलं मी हे," एवढंच म्हनाली.

धम्मदीपनं मागनं लय येळा ठरवलं, त्या डब्यालाच वीज जोडावी, तूबी स्टब हायेस म्हनून सांगून टाकावं. शालूबाई हात लावू देत न्हाई. "त्याला आता काय शिकवू नको," म्हनते.

ती ओळ अजून येते. हॅलो आला... घेतला न्हाई.

मळवलीच्या खोलीच्या छतावर वडिवळ्याकडं तोंड केलेला अँटेना हाय. त्याचा कंपनीतला साहेब इचारतो, तिकडं गिऱ्हाईक न्हाई, मग कशाला ठेवलाय? धम्मदीप म्हनतो, असू द्या.

आणि मी? माझा फोन वाजतो कधी कधी, पलीकडं कुनीच बोलत न्हाई. आधी शिव्या घालून ठिवायची.

आता ठिवत न्हाई.

"व्हय बाबा," म्हनते, "ऐकतीय."