विहिरीतला सूर

हंबरण्यासारखा आवाज आला, तेव्हा विहिरीत वासरू पडलंय, असंच मला वाटलं. वेचलेल्या कापसाची ओटी तशीच धरून मी काठाशी धावले. डोकावते तर काय — खालच्या पायरीवर एक पोरगा, मांडीवर ट्रम्पेट, बोटांनी ओठ चोळत बसलेला.

"वासरू कुठंय?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. "मीच हाय ते."

मला हसू आवरेना. ओटी सुटली नि अर्धा कापूस त्याच्या डोक्यावर पडला.

तो अंगद. तेलगावात त्याच्या मामांचा, तानाजीमामांचा, लग्नातला बँड होता. शेवटचं मंगलाष्टक संपलं की ट्रम्पेटनं वरचा सूर धरायचा आणि हार गळ्यात पडेपर्यंत सोडायचा नाही, ही त्यांच्या बँडची शान. अंगदला तोच लागत नव्हता. घरी सराव केला तर गल्ली शिव्या द्यायची, म्हणून आमची पडीक विहीर.

मग मी रोज विहिरीकडच्याच ओळी वेचायला घेऊ लागले. तिकडचा कापूस संपला तरी माझं वेचणं काही संपेना.

"मामा म्हनतेत, ओठ दाबू नको, फुंकर बारीक कर," तो सांगायचा. "पर दाबल्याबिगर वर जातच न्हाई."

"मग दाब की. जोर हाय का न्हाई अंगात?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी चिडवायचे. तो लाजून हसायचा, ते मला आवडायचं.

एके दिवशी त्यानं ट्रम्पेट बाजूला ठेवलं. "सायली... मामाला घिऊन तुझ्या बापूकडं येऊ का?"

हो अगदी जिभेवर आलं होतं. पण लगेच हो म्हटलं तर आपला भाव काय राहील — असली मी शहाणी.

"आधी सूर लाव. लागला की ये."

"आन न्हाई लागला तर?"

"तर नको येऊस," मी हसत म्हणाले. तो हसला नाही.

त्यानंतर तो दिवस दिवस फुंकत राहिला. ओठावर ट्रम्पेटच्या तोंडाची गोल खूण उमटली, मग ती काळीनिळी पडली. मला दिसत होतं सगळं. 'आज बरा लागला,' एवढंच म्हणायचे. एका सकाळी सूर निघाला, चढला, चढतच गेला... आणि तुटला. पायऱ्या उतरून गेले तर त्याच्या हनुवटीवर रक्त. ओठ आतून फाटला होता. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आता फुंकणं कायमचं बंद.

तो विहिरीवर आला नाही. मीही गेले नाही त्याच्याकडं. त्यानं पुन्हा विचारावं, मग मी हो म्हणेन, म्हणून वाट बघत बसले. अट माझी होती, मोडायचीही मीच होती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

वैशाखात बापूंनी ठरवलेल्या मुलाशी माझं लग्न झालं. बँड तानाजीमामांचाच. 'सावधान' झालं नि वरचा सूर आला, स्वच्छ, न तुटणारा. अंगदच फुंकतोय, अशी क्षणभर वेडी आशा वाटली. अंतरपाट खाली झाला. ट्रम्पेट मामांच्या तोंडाला होतं. अंगद मागच्या रांगेत खुळखुळे हलवत होता.

बँडवाले शेवटच्या पंगतीला बसले. नवरानवरीनं वाढायची पद्धत, म्हणून मी जिलेबीचं ताट घेऊन निघाले. नवरा चार पानं पुढं होता. मी अंगदसमोर थांबले.

"कावून आला न्हाईस?" हळूच विचारलं.

"सूर कुठं लागला? तूच म्हनली व्हतीस, नको येऊस."

"मी त्याच दिवशी हो म्हननार व्हते, अंगद."

त्याचा घास हातातच राहिला. ओठावरची ती गोल खूण अजून गेली नव्हती. काय करावं कळेना, म्हणून मी आणखी एक जिलेबी उचलली.

त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"बास," तो म्हणाला. "फुडं जा. नवरा थांबलाय तुझा."